माकडताप : काजू हंगामात बाग, गोठा आणि जंगलाची कड सांभाळा

कोकणात आणि गोव्यात काजूची बी वेचण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारीत सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. नेमक्या याच काळात जंगलालगतच्या काही गावांत माकडतापाचे रुग्ण आढळतात. हा योगायोग नाही. माकडतापाचा विषाणू माणसापर्यंत पोहोचवणारी गोचिडीची पिल्ले याच महिन्यांत पालापाचोळ्यात सर्वाधिक असतात आणि बी वेचणारा माणूस त्याच पाचोळ्यात उकिडवा बसून तासन्‌तास काम करत असतो.

या रोगाचा विषाणू मारणारे औषध अजून उपलब्ध नाही. त्यामुळे प्रतिबंध हाच मुख्य उपाय आहे. सुदैवाने हा रोग कोठेही आणि केव्हाही होत नाही. त्याला ठरावीक प्रकारची जागा लागते आणि ठरावीक महिने लागतात. ती जागा आणि ते महिने ओळखता आले, तर बागेतील कामाचे नियोजन बदलून धोका बराच कमी करता येतो.

माकडताप म्हणजे काय?

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. १९५७ मध्ये तेथे माकडे मोठ्या संख्येने मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांतील माणसेही तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन नमुने तपासले. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. सुरुवातीला पीतज्वराची शंका होती, पण विषाणू पूर्वी न पाहिलेला निघाला. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच केएफडी, असे नाव पडले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

हे नाव थोडे फसवे आहे. माकड माणसाला थेट हा रोग देत नाही. माकड आणि माणूस दोघेही गोचिडीच्या चाव्याने आजारी पडतात. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर या दोन्ही जातींना हा रोग होतो आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण मोठे असते. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला माकडताप होत नाही.

गोचिडीचे वर्षचक्र

हा विषाणू अनेक जातींच्या गोचिडींमध्ये सापडला आहे. त्यांपैकी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची जात म्हणजे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. पश्चिम घाटातील जंगलात तिचे वर्ष साधारण असे जाते :

• जून ते सप्टेंबर : पूर्ण वाढलेल्या गोचिडी गाई-म्हशी आणि मोठ्या वन्य प्राण्यांच्या अंगावर रक्त पितात. पोट भरलेली मादी जमिनीवर पडते, पाचोळ्यात अंडी घालते आणि मरते.

• ऑक्टोबर ते डिसेंबर : अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले बाहेर पडतात. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी आणि माकडे यांच्या अंगावर चढतात. विषाणू असलेल्या प्राण्याचे रक्त प्यायल्यास पिल्लात विषाणू शिरतो.

• नोव्हेंबर-डिसेंबर ते मे : कात टाकून पिल्ले दुसऱ्या अवस्थेत जातात. आता त्यांना आठ पाय असतात, तरी आकार तिळापेक्षाही लहान असतो. पहिल्या अवस्थेत घेतलेला विषाणू त्यांच्या शरीरात टिकून राहतो. हीच पिल्ले माणसाला चावतात.

रुग्णांची संख्या जानेवारी ते मार्चमध्ये सर्वाधिक असते, त्याचे कारण या चक्रात आहे. पिल्लू लहान असल्याने ते अंगावर चढलेले कळत नाही आणि अनेकांना आपल्याला काही चावले होते हे आठवतही नाही.

गोचिडीला पंख नसतात आणि तिला उडी मारता येत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्याच्या टोकावर बसून राहते आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याला चिकटते. स्वतःच्या पायांनी ती फार दूर जात नाही. तिला लांब नेतात ते प्राणी. त्यामुळे माकडतापाचा धोका सगळ्या रानात सारखा पसरलेला नसतो. तो काही ठिकाणी साचतो.

असे ठिकाण तयार कसे होते? आजारी माकड मरण्याच्या काळात जिथे पडून राहते, तिथे त्याच्या अंगावरील गोचिडी गळून पडतात किंवा मेलेले शरीर सोडून खाली उतरतात. त्यांच्यात विषाणू असतो. म्हणून माकड मेलेली जागा आणि तिच्या आसपासचा पाचोळा पुढचे काही महिने धोक्याचा समजावा.

रोग कोठून कोठे पोहोचला?

पहिली अनेक वर्षे माकडताप कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या जिल्ह्यांपुरता मर्यादित होता. शिमोग्यानंतर उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, उडुपी आणि चिक्कमगळूरु येथे तो दिसला. २०१२-१३ च्या सुमारास तो दक्षिणेकडे बंदीपूर, तमिळनाडूतील निलगिरी आणि केरळातील वायनाडपर्यंत आढळला. २०१५ मध्ये उत्तरेला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात रुग्ण सापडले. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याची नोंद झाली.

ही सगळी ठिकाणे नकाशावर ठेवली तर ती पश्चिम घाटाच्या ओलसर पट्ट्यात येतात. पण त्या पट्ट्यातील प्रत्येक गावात रोग नाही. मग कोणत्या जागी धोका अधिक?

घनदाट जंगलात शिरल्यावर हा रोग होतो, असा सर्वसाधारण समज आहे. संशोधनातून दिसलेले चित्र वेगळे आहे. शिमोगा भागातील रुग्णांच्या नोंदी आणि जमिनीच्या वापराचे नकाशे एकत्र करून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढील परिस्थितीत धोका अधिक दिसला :

• सदाहरित ओलसर जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेली आहेत.

• स्थानिक जातींच्या जनावरांची संख्या अधिक आहे.

याउलट कोरडे पानझडी जंगल अधिक असलेल्या भागात धोका कमी दिसला. म्हणजे धोका जिथे जंगल, बाग, चराई आणि वस्ती एकमेकांना भिडतात त्या कडेवर आहे. माकड तिथे फळांसाठी येते, गुरे चरायला येतात, माणूस लाकूड, पाचोळा आणि बी गोळा करायला येतो. तिघेही एकाच पाचोळ्यावरून चालतात. जंगल तोडून शेती आणि चराई आत सरकल्याने गोचिडी वाढल्या, असा विचार १९६० च्या दशकातील संशोधकांनीही मांडला होता.

काजू बागेत काळजी अधिक का घ्यावी?

गोव्यातील २०१५-१६ च्या उद्रेकाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी काजूच्या बागेत काम करणाऱ्या मजुरांना असलेल्या धोक्याकडे विशेष लक्ष वेधले. कारणे सहज समजण्यासारखी आहेत.

• आपल्याकडील बऱ्याच काजू बागा डोंगरउतारावर, जंगलाला लागून आहेत.

• पिकलेल्या बोंडाच्या वासाने माकडे, वानरे बागेत येतात.

• झाडाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो आणि गळलेली बी त्यातूनच शोधून काढावी लागते.

• काम वाकून किंवा बसून करावे लागते. हात, पाय आणि कंबर जमिनीजवळ असतात.

• हंगाम आणि पिल्लांचे महिने एकच आहेत.

बागेतील नियोजन

हंगामापूर्वी

१) बागेची बेणणी पावसाळा संपताच, शक्यतो ऑक्टोबरमध्ये उरकावी. दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले वाढण्याआधी रान साफ झाले, तर साफसफाई करणाऱ्या माणसालाही धोका कमी राहतो. जानेवारीत वाढलेल्या झुडपात शिरून बेणणी करणे टाळावे.

२) प्रत्येक झाडाच्या विस्ताराखाली, जिथे बी पडते तेवढा घेर आणि बागेतील पायवाटा पाचोळामुक्त ठेवाव्यात. दाताळ्याने पाचोळा ओढावा, हाताने गोळा करू नये.

३) गोळा केलेला पाचोळा घराजवळ आणू नये. बागेतच खड्डा करून त्यात शेणकाला टाकून कुजवावा. पाचोळा जाळल्यास वणव्याचा धोका असतो आणि सेंद्रिय खतही वाया जाते.

४) जंगलाच्या बाजूच्या कडेला पाचोळा व झुडपे काढून मोकळा पट्टा ठेवावा. तो वणवा अडवण्यासाठीही उपयोगी पडतो.

काम करताना

१) पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि गमबूट वापरावेत. पँट मोज्यात किंवा बुटात खोचावी. साडी नेसणाऱ्या महिलांनी आत पूर्ण लांबीची पँट घालून तिची टोके मोज्यात खोचावीत. फिकट रंगाच्या कपड्यावर गोचीड लवकर दिसते.

२) आरोग्य विभागाकडून मिळणारे डेपा किंवा तत्सम गोचीडरोधक तेल उघड्या हातापायांवर लावावे. त्याचा परिणाम काही तासच टिकतो. म्हणून वेष्टनावरील सूचनेनुसार ते पुन्हा लावावे. डोळे, तोंड आणि जखमेवर लावू नये.

३) विश्रांतीसाठी, जेवणासाठी पाचोळ्यावर बसू नये. साफ केलेल्या जागी किंवा कातळावर बसावे. काढलेले कपडे, टॉवेल झुडपावर टाकू नयेत.

४) शक्य असेल तिथे झाडाखाली जाळी पसरून बी गोळा करावी, किंवा टोकदार काठीने बोंड उचलावे. त्यामुळे पाचोळ्यात हात घालावा लागत नाही.

५) लहान मुलांना बी वेचायला नेऊ नये.

काम संपल्यावर

१) घरात शिरण्यापूर्वी कपडे झटकावेत, बदलावेत आणि गरम पाण्यात बुडवून ठेवावेत.

२) गरम पाणी व साबणाने अंघोळ करावी. कानामागे, काखेत, कमरेभोवती, जांघेत आणि गुडघ्यामागे नीट पाहावे.

३) गोचीड चिकटलेली दिसल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी आणि जागा साबणाने धुवावी. ती बोटांत चिरडू नये. रॉकेल लावणे किंवा विडीचा चटका देणे टाळावे.

मजूर बाहेरगावचे असतील तर ही माहिती त्यांना कामाच्या पहिल्याच दिवशी द्यावी. बूट, मोजे आणि तेल यांचा खर्च हा बी काढणीच्या खर्चाचाच भाग समजावा.

गोठ्याकडे लक्ष द्या

गाई-म्हशींना माकडताप होत नाही आणि त्यांच्या रक्तातून हा विषाणू वाढत नाही. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडीला रक्त पुरवण्याचे काम गुरे करतात. रानात चरून आलेल्या गाईच्या अंगावरून पोट भरलेली मादी वाटेत, बागेत किंवा गोठ्याजवळ पडते आणि तिथे हजारो अंडी घालते. म्हणजे गुरे विषाणू नाही, तर गोचिडींची संख्या वाढवतात.

• पावसाळ्यात, म्हणजे पूर्ण वाढलेल्या गोचिडींच्या काळात, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशकाचा वापर करावा. रोगाचा हंगाम सुरू झाल्यावर केलेल्या उपचारापेक्षा हा उपचार अधिक उपयोगी ठरतो, कारण त्यामुळे अंडी घालणाऱ्या माद्याच कमी होतात.

• औषधाची मात्रा आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावे. पिकावरील कीटकनाशक जनावरांच्या अंगावर कधीही वापरू नये.

• गोठ्यात अंथरण्यासाठी जंगलातील पातेरा आणण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. नोव्हेंबर ते मे या काळात तो आणणे टाळावे. भाताचा पेंढा किंवा स्वतःच्या शेतातील काड वापरावे. राबासाठी पातेरा लागत असल्यास गोळा करणाऱ्याने बागेतील कामाप्रमाणेच पूर्ण कपडे आणि तेल वापरावे आणि ढीग घर-गोठ्यापासून दूर ठेवावा.

• जिथे माकड मेल्याची नोंद आहे, त्या बाजूला त्या हंगामात गुरे चरायला नेऊ नयेत.

मेलेले माकड दिसल्यास

प्रत्येक माकड या तापानेच मरते असे नाही. विजेचा धक्का, कुत्र्यांचा हल्ला, अपघात अशी कारणेही असतात. पण तपासणीचा निकाल येईपर्यंत तो धोक्याचा इशारा मानावा. अनेकदा गावात पहिला माणूस आजारी पडण्यापूर्वी आसपास माकडे मेलेली असतात. ती खबर वेळेवर पोहोचली, तर गावाला सावध होण्यासाठी मौल्यवान दिवस मिळतात.

• मेलेल्या माकडाला हात लावू नये, ते ओढू नये, पुरू नये किंवा जाळू नये.

• त्या जागेपासून किमान पन्नास फूट दूर राहावे. कुत्री आणि गुरे तिकडे जाऊ देऊ नयेत.

• वनरक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पशुवैद्यकीय दवाखाना यांपैकी जो जवळ असेल त्याला लगेच कळवावे. मोबाईलवरून जागेचे ठिकाण पाठवावे.

• शवविच्छेदन, नमुने घेणे, विल्हेवाट आणि त्या जागी गोचीडनाशक भुकटी धुरळणे ही कामे प्रशिक्षित कर्मचारी सुरक्षा साधने वापरून करतात. शेतकऱ्याने स्वतः भुकटी टाकू नये.

• त्या भागातील बी वेचणी थांबवावी आणि आरोग्य विभागाच्या सूचनेनंतरच सुरू करावी.

माकडे पिकाचे नुकसान करतात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. तरीही रोगाच्या भीतीने त्यांना मारणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याने रोगही थांबत नाही, कारण विषाणू पाचोळ्यातील गोचिडींत राहतोच.

लक्षणे आणि उपचार

गोचीड चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून तीव्र ताप येतो. डोके, कंबर आणि स्नायू खूप दुखतात. उलट्या, जुलाब होतात, डोळे लाल होतात आणि कमालीचा अशक्तपणा येतो. काही रुग्णांत नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. बरेच रुग्ण एक ते दोन आठवड्यांत सावरतात, मात्र अशक्तपणा पुढे बराच काळ टिकू शकतो. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत ताप उतरल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप येतो आणि तीव्र डोकेदुखी, हातापायांना कंप, दृष्टीत बिघाड अशी लक्षणे दिसतात. म्हणून ताप गेला तरी दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के आहे.

सुरुवातीची लक्षणे डेंगी, हिवताप यांसारखीच असतात. डॉक्टरांना वेगळा संशय येण्यासाठी रुग्णाने स्वतः तीन गोष्टी सांगाव्यात : आपण कोणत्या बागेत किंवा रानात काम केले, शेवटचे कधी गेलो होतो आणि त्या भागात माकड मेल्याचे ऐकले आहे का. पहिल्या काही दिवसांत रक्तातील विषाणू थेट तपासता येतो, नंतर प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. म्हणून उशीर करू नये.

उपचारात शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्राव व रक्तदाब यांवर लक्ष ठेवणे आणि ताप उतरवणे यांवर भर असतो. हे उपचार वेळेत मिळाल्यास जीव वाचतो. ताप किंवा अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, त्यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो.

कर्नाटकात अनेक वर्षे एक लस दिली जात होती. तिचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळ टिकणारे आढळल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लसीवर काम सुरू आहे. तोपर्यंत बूट, तेल, साफ बाग आणि वेळेवर दिलेली खबर हेच संरक्षण आहे.

गावाचा धोका-नकाशा : विस्तार कार्यकर्त्यांसाठी

रुग्णाची नोंद सहसा त्याच्या घराच्या पत्त्यावर होते. माकडतापात मात्र घराचा पत्ता फारसा उपयोगी नाही. दोन वेगवेगळ्या वाड्यांतील रुग्ण एकाच बागेत बी वेचायला गेलेले असू शकतात. घरांचे ठिपके मांडले तर रोग गावभर विखुरलेला वाटेल. कामाच्या जागांचे ठिपके मांडले तर तो एका डोंगरउतारावर एकवटलेला दिसेल. फवारणी, तेलवाटप आणि काम थांबवण्याचा निर्णय त्या दुसऱ्या नकाशावरून घ्यायचा असतो.

कृषी सहायक, आशा कार्यकर्ती, पशुधन पर्यवेक्षक आणि वनरक्षक यांनी ऑक्टोबरमध्ये एकत्र बसून गावाचा साधा हातनकाशा तयार करावा. त्यावर पुढील नोंदी असाव्यात :

१) जंगलाला लागून असलेल्या काजू, सुपारी आणि इतर बागा

२) गुरे चरायला जाण्याच्या वाटा व पाणवठे

३) जळण आणि पातेरा गोळा करण्याच्या जागा

४) मागील हंगामांत आणि चालू हंगामात माकडे मेलेली ठिकाणे, तारखेसह

५) रुग्णांनी आजारी पडण्यापूर्वीच्या आठवड्यात काम केलेल्या जागा

नकाशावर रुग्णाचे नाव लिहू नये, फक्त जागा आणि तारीख लिहावी. नवीन नोंद आली की ठिपका त्याच दिवशी टाकावा. माकड मेलेल्या ठिकाणाजवळ कोणाच्या बागा आहेत हे त्यावरून लगेच कळते आणि त्या बागायतदारांना, त्यांच्याकडील मजुरांना त्याच संध्याकाळी सावध करता येते. ग्रामपंचायतीत हा नकाशा सर्वांना दिसेल असा लावावा आणि मे अखेरपर्यंत तो चालू ठेवावा.